विष्णू वासुदेव नारळीकर

कोल्हापूर येथे १९०८ साली जन्मलेले विष्णू वासुदेव नारळीकर केंब्रिजला रँग्लर होऊन तेथेच एडिंग्टन यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधनात रमले होते. अशा वेळी, १९३२ साली, पंडित मदनमोहन मालवीय यांनी त्यांना काशी हिंदू विश्वविद्यालयाचा गणितविभाग सांभाळण्यास पाचारण केले. वयाची पंचविशीही उलटली नव्हती! केंब्रिज सोडून ते काशीस आले आणि १९६० सालापर्यंत तेथेच राहिले.

आइन्स्टाइन यांचा सापेक्षता सिद्धान्त जाणणारे लोक तेव्हा आपल्या देशात विरळाच. नारळीकरांनी शिष्य घडविले. ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचे तोवरचे गणित, तारा प्रकाश देतच नाही असे धरून मांडलेले होते. पण मुलांनो, सूर्य तर अखंड तेज उधळीत असतो! त्यांचे शिष्य प्रह्लाद चुनीलाल वैद्य यांनी १९४३ साली ही उणीव भरून काढली.

घरातही ही विद्या रुजली. पुत्र जयंत यांनी १९६४ साली फ्रेड हॉइल यांच्यासह गुरुत्वाकर्षणाचा निराळाच सिद्धान्त मांडला.

विष्णुपंत १९९१ साली निवर्तले. पुढे १९९८ साली विश्वाचे प्रसरण वाढत्या वेगाने होत असल्याचे आढळले. हे कृष्ण ऊर्जा म्हणतात त्या अज्ञात शक्तीमुळे घडते, की गुरुत्वाकर्षणाचे आपले नियमच अपुरे आहेत, याचा शोध अद्याप चालू आहे.