विश्लेषण : आयसीडीचे जनक मिशेल मिरोव्स्की कोण होते? छातीतले यंत्र जीव कसे वाचवते?

हृदयाची लय अचानक प्राणघातक बिघडली, तर छातीतच बसवलेले एक यंत्र ते ओळखते आणि विजेचा झटका देऊन हृदयाला पुन्हा लयीत आणते. इम्प्लांटेबल कार्डिओव्हर्टर डिफिब्रिलेटर, म्हणजेच आयसीडी या नावाने ते आज जगभर वापरले जाते. ही कल्पना मांडणारे डॉ. मिशेल मिरोव्स्की यांच्या वाट्याला मात्र दशकभर नकार आणि अविश्वासच आला.

लय बिघडते म्हणजे नेमके काय होते?

निरोगी प्रौढ माणसाचे हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा धडधडते. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात निर्माण होणारे विद्युत संदेश हा ताल राखतात. ठोके चुकण्याचे अनेक प्रकार निरुपद्रवी असतात. काही प्रकार औषधाने किंवा पेसमेकरने आटोक्यात येतात. खालच्या कप्प्यांतून उगम पावणारी अतिवेगवान लय मात्र घातक ठरू शकते. तिचे रूपांतर व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनमध्ये झाले, तर हृदय आकुंचन न पावता नुसते थरथरते आणि रक्त पुढे ढकलले जात नाही. रुग्ण काही सेकंदांत बेशुद्ध पडतो. विजेचा झटका मिळेपर्यंतचा प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटवतो. रुग्णवाहिका येईपर्यंत बहुतेकदा फार उशीर झालेला असतो.

मिरोव्स्की कोण होते?

त्यांचा जन्म १९२४ मध्ये वॉर्सा येथील ज्यू कुटुंबात झाला. मूळ नाव मोर्देखाय फ्रिडमन. जर्मनीने पोलंडवर हल्ला केल्यावर वडिलांनी मुलाचे नाव बदलून पोलिश वळणाचे केले. १९३९ च्या अखेरीस, वयाच्या १५ व्या वर्षी, ते घर सोडून पूर्वेकडे सोव्हिएत प्रदेशात निसटले. युद्ध संपले तेव्हा कुटुंबातील ते एकटेच जिवंत होते. पुढे फ्रान्समधील लियाँ येथे त्यांनी वैद्यकीय पदवी घेतली. तेथे पोहोचले तेव्हा त्यांना फ्रेंच भाषाही येत नव्हती. नंतर इस्रायल, मेक्सिको आणि अमेरिकेत हृदयरोगाचे प्रशिक्षण घेऊन १९६३ मध्ये ते इस्रायलला परतले.

या यंत्राची कल्पना कशी सुचली?

इस्रायलमध्ये मिरोव्स्की यांचे सुरुवातीचे वरिष्ठ होते डॉ. हॅरी हेलर. मिरोव्स्की त्यांना गुरू मानत. १९६६ मध्ये हेलर यांना हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून येणाऱ्या अतिवेगवान ठोक्यांचा त्रास सुरू झाला. अशा रुग्णाला अचानक मृत्यू येऊ शकतो, हे दोघांनाही ठाऊक होते. झटका देणारे यंत्र त्या काळी फक्त रुग्णालयातच असे. म्हणजे एक तर कायम अतिदक्षता विभागात राहायचे, नाही तर धोका पत्करून घरी जायचे. हेलर घरी गेले आणि थोड्याच दिवसांत घरच्यांसोबत जेवताना कोसळून मरण पावले.

रुग्णाला यंत्राजवळ ठेवता येत नसेल, तर यंत्रच रुग्णाच्या शरीरात का बसवू नये, या प्रश्नाने मिरोव्स्की यांना पछाडले. त्या वेळचे डिफिब्रिलेटर टेबलावर ठेवावे लागण्याइतके मोठे होते. ते कधी काळी छातीत मावेल, हे अनेक हृदयरोगतज्ज्ञांना अशक्य वाटत होते. १९६८ मध्ये मिरोव्स्की अमेरिकेतील बाल्टिमोरच्या सायनाय रुग्णालयात रुजू झाले, ते मुख्यतः या संशोधनासाठी वेळ मिळावा म्हणून. तेथे डॉ. मोर्टन मॉवर हे सहकारी त्यांना लाभले. १९६९ मध्येच दोघांनी प्राथमिक नमुन्याचा कुत्र्यावर यशस्वी प्रयोग केला.

मग विरोध का झाला?

विरोधकांमध्ये सर्वांत मोठे नाव होते डॉ. बर्नार्ड लाउन. शरीराबाहेरून दिल्या जाणाऱ्या डीसी झटक्याचे तंत्र त्यांनीच १९६०च्या दशकात रूढ केले होते. १९७२ मध्ये एका आघाडीच्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी या कल्पनेवर कठोर टीका केली. हा उपाय सदोष असून व्यवहारात त्याला जागा नाही, असा त्यांच्या लेखाचा रोख होता. आक्षेप अगदीच निराधार नव्हते. शुद्धीवर असलेल्या माणसाला चुकून झटका बसला तर? यंत्राची गरज कोणाला आहे, हे आधी कसे ठरवायचे? झटका देण्यापेक्षा औषधांनी लय बिघडूच न देणे बरे नाही का? रस दाखवणाऱ्या एका मोठ्या कंपनीनेही बाजारपेठ नाही म्हणून माघार घेतली. अखेर पिट्सबर्ग येथील डॉ. स्टीफन हायलमन यांची छोटी कंपनी मदतीला आली.

संशोधकांनी प्रयोगाची चित्रफीत तयार केली. यंत्र बसवलेल्या कुत्र्याच्या हृदयाची लय मुद्दाम बिघडवली जाते, तो कोसळतो, यंत्र झटका देते आणि काही क्षणांत तो शेपटी हलवत उभा राहतो, असे तिचे स्वरूप होते. कुत्र्याला पडण्याचे शिक्षण दिले असावे, अशी शंकाही काहींनी घेतली. मग चित्रफितीत ईसीजीची नोंदही दाखवावी लागली.

पहिले यंत्र माणसाला कधी बसवले?

४ फेब्रुवारी १९८० रोजी, बाल्टिमोरच्याच जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात. हृदय बंद पडण्याच्या प्रसंगांतून वाचलेल्या ५७ वर्षांच्या महिलेवर डॉ. लीवाय वॉटकिन्स यांनी ही शस्त्रक्रिया केली. त्यासाठी छाती उघडावी लागली आणि सुमारे पाव किलोचे यंत्र पोटाच्या त्वचेखाली बसवले गेले. १९८५ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने यंत्राला मान्यता दिली.

औषधेच बरी, हा आक्षेप १९८९ मध्ये डळमळीत झाला. हृदयविकाराच्या झटक्यानंतर जादा ठोके दाबणारी काही औषधे दिलेल्या रुग्णांमध्ये मृत्यू उलट वाढल्याचे कास्ट या चाचणीत दिसले. एव्हिड या चाचणीचे निष्कर्ष १९९७ मध्ये आले. प्राणघातक लयीतून वाचलेल्यांमध्ये औषधांपेक्षा आयसीडी सरस असल्याचे त्यांतून स्पष्ट झाले. ते पाहायला मिरोव्स्की हयात नव्हते. २६ मार्च १९९० रोजी, वयाच्या ६५ व्या वर्षी, मल्टिपल मायलोमा या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

आज या यंत्रासह जगणे कसे असते?

आता यंत्र सहसा डाव्या खांद्याखाली त्वचेच्या आत बसवतात आणि तार शिरेतून हृदयापर्यंत नेतात. ते प्रत्येक ठोका तपासते. लय बिघडल्यास अनेकदा आधी वेदनारहित जलद स्पंदने देऊन ती रोखण्याचा प्रयत्न करते आणि जमले नाही तर झटका देते. शुद्धीत असताना बसलेला झटका छातीत लाथ बसल्यासारखा वाटतो, असे अनेक रुग्ण सांगतात. पुढचा कधी बसेल ही धास्ती काहींना झटक्याहून जास्त छळते. एकच झटका बसला आणि नंतर बरे वाटत असेल, तर डॉक्टरांना कळवावे. लागोपाठ झटके बसले किंवा चक्कर, धाप, छातीत दुखणे जाणवले, तर तातडीने रुग्णालय गाठावे. मोबाइल यंत्रापासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावा, यंत्राचे ओळखपत्र जवळ बाळगावे आणि वाहन चालवण्याबाबत डॉक्टरांना विचारावे. बॅटरी साधारण ५ ते १० वर्षांनी संपते, तेव्हा यंत्र बदलावे लागते.

यंत्राच्या मर्यादा कोणत्या?

आयसीडी हृदयाचा मूळ आजार बरा करत नाही, ते केवळ पहारा देते. त्यामुळे औषधे सुरूच ठेवावी लागतात. काही रुग्णांत लय बिघडवणारा भाग कॅथेटरने निकामी करण्याचा, म्हणजे ॲब्लेशनचाही पर्याय असतो. चुकीचे झटके अद्याप पूर्णपणे टळलेले नाहीत. भारतात खर्च काही लाखांत जात असल्याने अनेकांना ते परवडत नाही. दुसऱ्या एखाद्या आजाराने माणूस अखेरच्या टप्प्यात असेल, तरी यंत्र आपले काम करतच राहते आणि शेवटच्या तासांतही झटके बसू शकतात. शस्त्रक्रियेविना, बाहेरूनच झटक्याची सुविधा बंद करता येते. तो निर्णय रुग्णाने शुद्धीत असताना डॉक्टर आणि कुटुंबीयांशी बोलून घेणे उत्तम. यंत्र बसवतानाच हा विषय काढलेला बरा.