घटनादुरुस्ती आणि बाबासाहेब

घटनेला हात लावू देणार नाही, असे आपण सभांतून सांगतो. पण १८९१ साली महू येथे जन्मलेले, १९४७ साली मसुदा समितीचे अध्यक्ष झालेले बाबासाहेब घटना अचल मानत नव्हते. कलम ३६८ ने दुरुस्तीला वाट ठेवली, दोन-तृतीयांश बहुमताचा अडसरही घातला. १९५१ मध्ये मद्रास प्रांताचा जातवार प्रवेशाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. शिक्षणातील राखीव जागाच धोक्यात आल्या. तेव्हा कायदामंत्री बाबासाहेबांनी पहिल्या घटनादुरुस्तीची बाजू हंगामी संसदेत मांडली आणि कलम १५(४) आले. १९५६ मध्ये त्यांचे महापरिनिर्वाण झाले. बांधवांनो, दुरुस्तीचे नाव निघताच एवढेच तपासा : वंचितांना हक्क मिळतो आहे की असलेला हक्क जातो आहे?