कापडाच्या धंद्यातला माणूस, ज्यानं स्वस्तातला स्पीकर पारखायला शिकवलं

सण जवळ आला की अमरावती असो की अकोला, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत एक माल हमखास पुढं मांडलेला दिसतो. जमिनीवर उभे राहणारे दोन उंच टॉवर स्पीकर. खोक्यावर वॅटचा भला मोठा आकडा आणि शेजारी भरघोस डिस्काउंटची पाटी. दुकानदार आवाज वाढवतो, छातीत धडधडतं आणि गिऱ्हाईक खिशात हात घालतं.

खरी गंमत घरी गेल्यावर कळते. तोच स्पीकर खोलीत नुसता घुमतो. ढोल ऐकू येतो, पण गाण्याचे शब्द कळत नाहीत. मग प्रश्न पडतो, आकडे बघून घ्यायचं की कानानं ऐकून?

हा प्रश्न जवळपास नव्वद वर्षं जुना आहे. त्यावर आयुष्य घालवलेला माणूस इंजिनिअर नव्हता, तो कापडाच्या धंद्यातला होता. त्याचं नाव गिल्बर्ट ब्रिग्ज. व्हार्फडेल या स्पीकर कंपनीचा संस्थापक.

लोकरीच्या गावातला पियानोवेडा

ब्रिग्ज यांचा जन्म १८९० चा. इंग्लंडच्या यॉर्कशायर भागातला. तिथलं ब्रॅडफर्ड म्हणजे लोकरीचं गाव. आपल्याकडे अकोला-अमरावतीत कापसाचा बाजार आणि जिनिंग-प्रेसिंगवर जसं सगळं चालायचं, तसं तिकडं लोकरीवर. ब्रिग्जही याच धंद्यात होते. वयाच्या चाळिशीपर्यंत त्यांचा हिशोब कापडाचा होता, जीव मात्र संगीतात. पियानोवर तर इतकं प्रेम की पुढं त्यांनी पियानोवर एक अख्खं पुस्तक लिहिलं.

१९२९ नंतर जगभर मंदी आली आणि कापडाचा धंदा बसला. त्याच काळात इंग्लंडमध्ये घरोघरी रेडिओ पोहोचत होता. रेडिओतून येणारा पियानो मात्र पियानोसारखा वाटत नव्हता. १९३२ मध्ये ब्रिग्ज यांनी इल्कली गावातल्या आपल्या घराच्या तळघरात पहिला स्पीकर बनवला. ते गाव व्हार्फ नदीच्या खोऱ्यात आहे, आणि त्या खोऱ्याला म्हणतात व्हार्फडेल. कंपनीला तेच नाव मिळालं.

सुरुवातीलाच त्यांनी आपले स्पीकर ब्रॅडफर्डच्या रेडिओ सोसायटीच्या स्पर्धेत उतरवले. पहिलं आणि दुसरं, दोन्ही बक्षिसं त्यांनाच मिळाली. दुसरं महायुद्ध सुरू होईपर्यंत त्यांचा कारखाना वर्षाला सुमारे ९ हजार स्पीकर बनवत होता.

जुना धंदाही कामाला आलाच. स्पीकरचा जो कागदी शंकू पुढं-मागं हलतो, त्याची बाहेरची कड ब्रिग्ज यांनी काही मॉडेलमध्ये कापडाची केली. कडक कडेपेक्षा कापडाची कड मऊ असते, त्यामुळं शंकू मोकळेपणानं हलतो आणि खालचे सूर बरे निघतात.

खोकं गायला नाही पाहिजे

१९४५ मध्ये त्यांनी दोन भागांचा स्पीकर तयार केला. जाड आवाजाला मोठा शंकू, बारीक आवाजाला छोटा आणि मध्ये आवाजाची वाटणी करणारं सर्किट. त्यालाच क्रॉसओव्हर म्हणतात. आजच्या टॉवर स्पीकरमध्ये वूफर आणि ट्विटर असतात, ते याच पद्धतीनं चालतात.

पण ब्रिग्ज यांनी डोकं सर्वांत जास्त खपवलं ते खोक्यावर. शंकू हलला की खोक्याच्या भिंतीही थरथरतात. म्हणजे गाणं वाजवतोय स्पीकर आणि मध्येच स्वतःचा सूर लावतंय लाकूड. यावर त्यांचा उपाय अगदी देशी वाटावा असा होता. प्लायवूडच्या दोन फळ्या घ्यायच्या आणि मधल्या पोकळीत कोरडी रेती भरायची. रेतीचे कण एकमेकांवर घासतात, थरथर त्यातच जिरते. खोलीच्या कोपऱ्यात विटा रचून स्पीकरचं खोकं बांधायची पद्धतही त्यांनी लोकांना दाखवली.

स्वस्तातले टॉवर नेमके इथंच मार खातात. उंच खोकं म्हणजे आत हवा जास्त, त्यामुळं जाड आवाज खोलवर जाऊ शकतो. हा टॉवरचा खरा फायदा. पण किंमत कमी ठेवायची तर लाकूड पातळ लागतं, आणि उंच पातळ भिंत जास्त थरथरते. म्हणून त्याच पैशात मिळणारा छोटा पण दणकट स्पीकर कित्येकदा भारी पडतो.

३ हजार लोकांसमोर परीक्षा

१९४८ मध्ये ब्रिग्ज यांनी स्पीकरवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्या काळी असं पुस्तक म्हणजे गणिताचं जंगल. यांनी मात्र साध्या, विनोदी भाषेत लिहिलं आणि पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. पुढं त्यांनी आणखी बरीच पुस्तकं लिहिली. त्यांत आलेख असायचे, आवाजाच्या लाटांचे फोटो असायचे आणि कानाला काय वाटलं तेही असायचं. घरीच खोकं ठोकून स्पीकर बनवणाऱ्या साध्या माणसाला हे सगळं समजायचं.

पण पुस्तकातला दावा खरा कशावरून?

१ नोव्हेंबर १९५४. लंडनचा रॉयल फेस्टिव्हल हॉल, जवळपास ३ हजार खुर्च्या. ब्रिग्ज यांनी इथं एक कार्यक्रम ठेवला. सोबतीला क्वाड कंपनीचे पीटर वॉकर आणि त्यांचे ॲम्प्लिफायर. मंचावर कलाकार प्रत्यक्ष वाजवणार आणि त्यांचंच रेकॉर्डिंग स्पीकरवरून लागणार. दोन्हींत फरक किती, ते लोकांनी ठरवायचं.

यात जोखीम मोठी होती. स्पीकर घरगुती वापराच्या जातीचे, हॉल अवाढव्य. फसलं असतं तर धंद्याचं नाव तिथंच बुडालं असतं. पण तिकिटं आधीच संपली, कार्यक्रम गाजला आणि १९५५ मध्ये ब्रिग्ज हाच प्रयोग घेऊन न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पोहोचले.

मग मोजमापाचं काय?

कान किती दगा देतो, हे ब्रिग्ज यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी रेमंड कुक या बीबीसीतून आलेल्या इंजिनिअरला आपला तांत्रिक प्रमुख केलं. कुक यांचा भर मोजमापावर होता. १९६१ मध्ये त्यांनी स्वतःची केईएफ कंपनी काढली, आणि १९७० च्या दशकात याच कंपनीनं स्पीकर तपासायला कॉम्प्युटर वापरायला सुरुवात केली.

कान आणि यंत्र यांचा खरा मेळ बसला तो १९८० च्या दशकात. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल या शास्त्रज्ञानं स्पीकर पडद्याआड ठेवले, सगळ्यांचा आवाज सारखा केला आणि लोकांना गुण द्यायला लावले. नाव आणि किंमत झाकली की बहुतेकांना तेच स्पीकर आवडत होते, ज्यांचा मोजलेला आलेख सपाट होता. म्हणजे जे जाड, मधले आणि बारीक सूर सारख्या न्यायानं वाजवतात ते.

कान आणि यंत्र यांचं भांडण नव्हतंच. भांडण लावत होते डोळे, खोक्यावरचं नाव आणि वाढवलेला आवाज.

वऱ्हाडातल्या खोलीत हे कसं वापरायचं?

आधी आकडे बघू. पीएमपीओ वॅट सरळ विसरा. तो मोजायची सर्वमान्य पद्धतच नाही. आरएमएस वॅट बघा. त्याहून महत्त्वाची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच विजेवर स्पीकर किती मोठा वाजतो ते. ८४ डेसिबलच्या स्पीकरला ९० डेसिबलवाल्याइतकं वाजायला चौपट वॅट लागतात. आणि २० हर्ट्झ ते २० हजार हर्ट्झ असं लिहिलं असेल तर पुढं अधिक-उणे ३ डेसिबल असं काही आहे का ते बघा. नसेल तर त्या आकड्याला फार अर्थ नाही.

मग खोक्यावर बोटाच्या पेरानं ठोका. पोकळ ढब्ब आवाज आला तर समजा, हे खोकं गाण्यात तोंड घालणार.

ऐकताना दोन्ही स्पीकरचा आवाज सारखा ठेवायला सांगा. एखादा डेसिबल जास्त वाजणारा स्पीकरही कानाला उगाच चांगला वाटतो. मित्राला बटण दाबायला लावा आणि तुम्ही पाठ करून बसा. टूल यांच्या पडद्याचं काम भागतं.

आता खोली. आपल्याकडे वर स्लॅब, खाली टाइल्स आणि बरेचदा खोली १० बाय १०. अशा चौकोनी खोलीत ५७ हर्ट्झच्या आसपासचा सूर समोरासमोरच्या भिंतींत अडकून फुगतो. घुमतं ते यामुळं. खोलीत गादी, पडदे, सतरंजी असेल तर मधला आणि बारीक आवाज सुधारतो. जाड आवाजाला त्यांचा फारसा उपयोग नाही. त्यासाठी टॉवर कोपऱ्यातून बाहेर ओढा आणि स्वतःची बसायची जागाही बदलून बघा.

आणि मे महिन्यातला कूलर. पारा ४५ च्या वर गेल्यावर तो बंद करता येत नाही आणि त्याच्या घरघरीत बारीक तपशील बुडतात. वर्षातले तीन-चार महिने कूलर लावूनच गाणी ऐकायची असतील, तर फार नाजूक आवाजासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. शब्द स्पष्ट ऐकू येतात का, एवढं आधी बघा.

फेस्टिव्हल हॉलची परीक्षा, घरातल्या घरात

ब्रिग्ज यांनी १९५८ मध्ये कंपनी रँक या मोठ्या उद्योगसमूहाला विकली, १९६५ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९७८ मध्ये वारले. त्यांच्यानंतर १९८० च्या दशकात व्हार्फडेलचा डायमंड नावाचा छोटा, स्वस्त स्पीकर जगभर खपला. कंपनी आज चिनी मालकीची आहे, पण नाव तेच आहे.

त्यांनी मागं ठेवलेली परीक्षा मात्र फुकट आहे. घरातल्या कुणाचाही आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करा. आईचं बोलणं चालेल, गावातल्या भजनी मंडळाची खंजिरी तर फारच उत्तम. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या मुलखात खंजिरीचा खरा आवाज कुणाला सांगावा लागत नाही. मोबाईलचा माइक साधा असतो, त्यामुळं हुबेहूब आवाजाची अपेक्षा ठेवू नका. पण एकच रेकॉर्डिंग दोन स्पीकरवर लावलं की माणूस कुठं जास्त माणसासारखा वाटतो, ते लगेच कळतं.

आईचा आवाज ओळखायला कुठलं मशीन लागत नाही, आणि तिथं डिस्काउंटची पाटीही चालत नाही.