उशिरा उघडलेला दरवाजा

व्हर्सायच्या राजवाड्यातील संग्रहालयात आँज तिसिए या चित्रकाराने १८६१ साली रंगवलेले एक चित्र आहे. प्रसंग १६ ऑक्टोबर १८५२ चा, आंब्वाझच्या किल्ल्यातला. फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष लुई नेपोलियन आपल्या कैद्याला मुक्त करतो आहे. कैद्याची वृद्ध आई त्याच्या हातावर वाकली आहे. पाहणाऱ्याच्या मनावर ठसते ते राज्यकर्त्याचे औदार्य. चित्रकाराला तेच अभिप्रेत होते.

पण हा कैदी मुळात कैदेत होता कशासाठी?

अब्द अल-कादिरचा जन्म १८०८ चा, अल्जेरियातील मस्कराजवळचा. घराणे कादिरी सूफी परंपरेतले. ग्रंथ आणि घोडा या दोन्हींवर त्याची सारखीच पकड. १८३० मध्ये फ्रेंचांनी अल्जिअर्स घेतले आणि १८३२ च्या नोव्हेंबरात पश्चिमेकडील टोळ्यांनी या चोवीस वर्षांच्या तरुणाला आपला अमीर निवडले. पुढली पंधरा वर्षे तो लढला. १८३५ मध्ये माक्ता येथे त्याने फ्रेंच फौजेचा पराभव केला. १८३७ च्या ताफ्ना तहाने मोठा मुलूख त्याच्या हाती आला. त्याने सैन्य उभारले, कर बसवले, नाणी पाडली. १८३९ मध्ये युद्ध पुन्हा पेटले. सेनापती ब्युजोच्या फौजांनी गावे, पिके, धान्याची पेवे जाळत नेली. १८४३ मध्ये अमीरची फिरती राजधानीच फ्रेंचांच्या हाती पडली.

२३ डिसेंबर १८४७ रोजी त्याने शस्त्र खाली ठेवले ते एका वचनावर. अलेक्झांड्रिया किंवा अक्का येथे त्याला जाऊ द्यायचे ठरले होते. सेनापती लामोरिसिएरने शब्द दिला, राजपुत्र द'ओमालने त्याला दुजोरा दिला. जहाज मात्र तूलोंला लागले. दोन महिन्यांत फ्रान्सची राजसत्ता कोसळली, प्रजासत्ताक आले. वचन कोणीच पाळले नाही. तूलों, पो आणि अखेर आंब्वाझ. किल्ल्याच्या बागेत त्याच्या गोतावळ्यातील पंचवीस जणांच्या कबरी आजही आहेत. चित्रात त्यांना जागा नाही.

सुटकेसाठी झटणाऱ्यांत अल्जिअर्सचे माजी बिशप द्युपूश होते. १८४१ मध्ये याच बिशपांच्या विनंतीवरून अमीरने फ्रेंच कैद्यांची अदलाबदल मान्य केली होती. आणि दरवाजा उघडणारा लुई नेपोलियन स्वतः हामच्या किल्ल्यात सहा वर्षे बंदी होता. त्याला त्या भिंतींची ओळख होती. सम्राटपद मात्र दीड महिन्यावर आले होते, हेही विसरता येत नाही.

मुक्त झालेला अमीर आधी बुर्सा येथे आणि १८५५ पासून दमास्कसमध्ये राहिला. १८६० च्या जुलैत तेथे ख्रिस्ती वस्तीवर हल्ले झाले, तेव्हा त्याने आपल्या अल्जेरियन साथीदारांसह हजारो लोकांना वाचवले. फ्रान्सने त्याला लीजन ऑफ ऑनर दिला. तिसिएचे चित्र पुढच्याच वर्षीचे. कालचा शत्रू आता गौरवण्याजोगा झाला होता.

१८८३ मध्ये दमास्कस येथे त्याचे निधन झाले. स्वतंत्र अल्जेरियाने १९६६ मध्ये त्याचे अवशेष मायदेशी नेले.

चित्र दया दाखवते. इतिहास सांगतो की ते पावणेपाच वर्षे थकलेले देणे होते. दमास्कसमध्ये मात्र अमीरकडे कोणाचे काहीच देणे नव्हते. तेथे त्याने दरवाजा उघडायला उशीर केला नाही.