बॅटरी उतरते कुठे?

मराठी विभागासाठी एका शास्त्रज्ञाचं चरित्र लिहून देईन, असं मी परीक्षेआधी कबूल करून बसले होते. डोक्यात टेस्ला होता. हॉस्टेलवर सगळ्यांच्याच डोक्यात टेस्ला असतो. पण डिसेंबरच्या सुट्टीत घरी वरवंडला गेले आणि गाडीच्या बॅटरीने माझा शास्त्रज्ञ बदलला. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वाचकांनी पदरात घ्याव्यात.)

वरवंड पुणे-सोलापूर हायवेवर, यवत आणि पाटसच्या मधे. पप्पांना सकाळी सहाला पुण्याला निघावं लागतं. रात्री चांगली उभी केलेली गाडी सकाळी नुसती टक् टक् करायची आणि शेजाऱ्यांना उठवून धक्का मारायला लागायचा. गॅरेजवाल्याने बॅटरी बदलायला सांगितली. बदलली. चौथ्या दिवशी परत तेच. मग घरात आरोपी शोधणं सुरू झालं, आणि सापडले आमचे आबा. ते रोज जेवण झालं की गाडीत बसून अभंग ऐकतात. दार नीट लावत नसतील, आतला दिवा चालू राहत असेल, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. आबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले मास्तर. वाद घातला नाही, फक्त गाडीत बसायचं बंद केलं. मला ते बघवेना.

थर्ड इयर इलेक्ट्रिकलची मुलगी घरात असून उपयोग काय? मल्टिमीटर काढला, बॅटरीला लावला. बारा व्होल्ट! तरी सेल्फ मारला की स्टार्टर ढिम्म. इथे मला जॉर्ज सायमन ओहम आठवला. शाळेत तो आम्हाला एका त्रिकोणात भेटला होता. व्होल्टेजवर बोट ठेवलं की करंट गुणिले रेझिस्टन्स, बस. त्या त्रिकोणामागे एक माणूस आहे आणि बॅटरीने त्यालाही पुरतं छळलं होतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

ओहमचा जन्म १६ मार्च १७८९ चा, जर्मनीतल्या एर्लांगेन गावचा. वडील कुलपं बनवणारे कारागीर. शाळा फारशी नाही, पण स्वतःच्या हिमतीवर गणित आणि विज्ञान शिकलेले, आणि पोरांनाही त्यांनी घरीच शिकवलं. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई गेली. धाकटा भाऊ मार्टिन पुढे गणितज्ञ झाला. १८०५ मध्ये जॉर्ज एर्लांगेनच्या विद्यापीठात दाखल झाला आणि (हॉस्टेलवाल्यांनी लक्ष द्यावं) नाच, बर्फावरचं स्केटिंग आणि बिलियर्ड्स यातच रमला. वडील भडकले. त्यांनी त्याला कॉलेजातून काढून थेट स्वित्झर्लंडमध्ये एका शाळेत गणित शिकवायला पाठवलं. वय सतरा. तिथे तो शिकवता शिकवता ऑयलर आणि लाप्लासची पुस्तकं स्वतः वाचत राहिला, आणि १८११ मध्ये परत येऊन त्याच विद्यापीठाची डॉक्टरेट घेतली.

डॉक्टरेट झाली तरी पोट भरेना. तीन सत्रं विद्यापीठात शिकवून तो बाहेर पडला आणि १८१३ मध्ये बांबेर्ग इथल्या एका सुमार शाळेवर लागला. १८१६ मध्ये ती शाळाच बंद पडली. मग त्याने भूमितीवर लिहिलेलं पुस्तक प्रशियाच्या राजाकडे पाठवलं आणि १८१७ मध्ये कोलोनच्या हायस्कुलात नोकरी मिळाली. तिथे फिजिक्सची लॅब चांगली होती, आणि वडिलांकडून हातात आलेलं धातूचं काम त्याला इथे उपयोगी पडलं. उपकरणं तो स्वतःच बनवायचा.

१८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेडने दाखवलं, की तारेतून करंट गेला की शेजारची चुंबकसुई वळते. म्हणजे करंट मोजायची सोय झाली. ओहमने धातूच्या बारीक पट्टीला सुई टांगली. करंटने सुई वळली, की पट्टीला पीळ देऊन ती जागेवर आणायची. जेवढा पीळ लागला तेवढा करंट. पण गाडं अडलं बॅटरीपाशी. त्या काळची बॅटरी सर्किट जोडताक्षणी जोर करायची आणि लगेच उतरायला लागायची. मोजणार काय, तार की बॅटरीची उतरण? १८२५ च्या पहिल्या लेखात त्याने दिलेलं सूत्र याच गोंधळात चुकलं. मला यात फार दिलासा वाटला. ओहमचाही पहिला ओहम्स लॉ चुकला होता!

मग पोगेनडॉर्फ नावाच्या संपादकाने सुचवलं, की बॅटरी सोडून थर्मोकपल वापरून बघा. ओहमने बिस्मथ आणि तांब्याचा जोड केला. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळतंय आणि बर्फ वितळतोय तोवर तापमान हलत नाही, म्हणजे व्होल्टेजही हलत नाही. त्याने सारख्या जाडीच्या आठ तांब्याच्या तारा घेतल्या, सगळ्यात आखूड दोन इंच, सगळ्यात लांब एकशेतीस इंच. एकेक लावून पुन्हा पुन्हा मोजलं. उत्तर आलं ते असं: करंट म्हणजे एक ठरलेली संख्या भागिले तारेची लांबी अधिक आणखी एक ठरलेली संख्या. ही दुसरी संख्या म्हणजे तार सोडून बाकीच्या सर्किटचा रोध, त्यात करंट देणाऱ्या साधनाचा स्वतःचाही आला.

आमच्या गाडीचं कोडं इथेच सुटतं. उतरलेल्या बॅटरीचा आतला रोध वाढलेला असतो. मल्टिमीटर करंट घेतच नाही म्हटलं तरी चालेल, म्हणून त्याला बारा व्होल्ट दिसतात. स्टार्टर शंभर अँपियरच्या वर मागतो, आणि ते व्होल्ट आतल्या आतच संपतात. मल्टिमीटर खोटं बोलत नव्हता, मीच त्याला चुकीचा प्रश्न विचारत होते.

दुसऱ्या रात्री बॅटरी चार्ज करून घेतली, गाडी बंद केली, किल्ली काढली, दारं लावली. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून मधे मीटर घातला, दहा अँपियरच्या सॉकेटवर. (अशा जोडणीत चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जातो. कसं कळलं ते विचारू नका.) झोपलेल्या गाडीने साधारण २० ते ५० मिलिअँपियर घ्यावेत. आमची १.६ अँपियर घेत होती. रात्रीचे अकरा तास धरा, साडेसतरा अँपियर-तास. ३५ ची बॅटरी सकाळपर्यंत अर्धी!

आता चोर शोधायचा. निगेटिव्ह परत जोडून, एकही फ्यूज न उपसता प्रत्येकाच्या डोक्यावरच्या दोन टोकांना मीटर लावला. फ्यूजलाही थोडा रोध असतो, करंट जात असेल तर काही मिलिव्होल्ट दिसणारच. सगळीकडे शून्य. आतल्या दिव्याचा फ्यूजही शून्य! आबा निर्दोष. पण मग करंट जातो कुठे? थंडीत बॉनेटवर टॉर्च ठेवून मी तशीच बसले.

ओहमलाही असंच बसावं लागलं, फक्त त्याचं बसणं वर्षांचं होतं. १८२६ मध्ये अर्ध्या पगारावर रजा काढून तो बर्लिनला मार्टिनकडे गेला आणि १८२७ मध्ये पुस्तक छापलं. त्याच्या जोरावर विद्यापीठात जागा मिळेल अशी आशा होती. जर्मनीत तेव्हा निसर्गाचे नियम चिंतनातून सापडतात असं मानणारे बरेच होते. तारा मोजून गणित मांडणारा शाळामास्तर त्यांना रुचला नाही. एका टीकाकाराने तर पुस्तकाला निव्वळ कल्पनेच्या भराऱ्यांत काढलं. १८२८ मध्ये ओहमने कोलोनची नोकरी सोडली आणि पुढची पाच वर्षं बर्लिनमध्ये तासिकांवर काढली. आपल्याकडे आजही ज्यांना सीएचबी म्हणतात, त्यातलाच प्रकार. १८३३ मध्ये न्यूर्नबर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये प्राध्यापकी मिळाली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कोपली पदक दिलं, तेव्हा कुठे मायदेशातल्या लोकांनी मान वळवून बघितलं. म्युनिक विद्यापीठात फिजिक्सचा प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली ती १८५२ साली, आणि ६ जुलै १८५४ ला तो गेला. लग्न केलं नव्हतं. रोधाच्या एककाला त्याचं नाव पॅरिसच्या परिषदेत १८८१ मध्ये पक्कं झालं. आणि आपले म्हो रिले? तो म्हो म्हणजे इंग्रजीत उलटा लिहिलेला ओहम.

माझा चोर फ्यूज बॉक्समध्ये नव्हताच. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून एक लाल वायर थेट सीटखाली गेली होती. तिच्या फ्यूजवर साडेपाच मिलिव्होल्ट. वीस अँपियरच्या फ्यूजचा रोध साडेतीन मिलिओहमच्या आसपास. भागाकार करून बघा. तो होता वूफरचा अँप्लिफायर. बसवणाऱ्याने त्याची चालू-बंदची वायर किल्लीवरच्या लाइनला न जोडता सरळ बॅटरीवर टाकली होती, म्हणून तो रात्रभर जागाच. आणि दसऱ्याला हट्ट करून वूफर बसवून घेतला होता मी.

वायर बदलल्यावर रीडिंग २० मिलिअँपियर. घरात सगळ्यांना सांगितलं, आबांना आधी. रात्री ते परत गाडीत जाऊन बसले, मी शेजारी. ओहमची गोष्ट त्यांनी शांतपणे ऐकली आणि एवढंच विचारलं, की त्या मास्तरांना विद्यापीठात घेतलं तेव्हा त्यांचं वय काय होतं. मी त्रेसष्ट सांगितलं. आबांनी अभंगाचा आवाज थोडा कमी केला आणि पुन्हा एकदा विचारलं, त्रेसष्ट?