ठिणगीचं कोडं सोडवणारे शिक्षक : जोसेफ हेन्री



विज्ञान प्रदर्शनासाठी मुलं ट्रान्झिस्टरवर रिले चालवणारं सर्किट करतात. दोन-चार वेळा छान चालतं आणि मग ट्रान्झिस्टर जळतो. नवा लावला, तोही जातो. बॅटरी तर फक्त १२ व्होल्टची! मग त्याला मारतं कोण? हे समजण्यासाठी आपल्यासारख्याच एका शिक्षकाची ओळख करून घेऊया.

जोसेफ हेन्री यांचा जन्म १७ डिसेंबर १७९७ रोजी अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी येथे झाला. घरची गरिबी, वडील लवकर वारले. बालपण आजीकडे गेलं. आधी दुकानात काम, पुढे घड्याळजीकडे उमेदवारी. नाटकाचं वेड तर इतकं, की ते नटच व्हायचे! पण सोळाव्या वर्षाच्या सुमारास विज्ञानाचं एक पुस्तक हाती पडलं आणि वाट बदलली. ऑल्बनी अकॅडमीत त्यांना फी न भरता शिकायला मिळालं, आणि १८२६ मध्ये ते तिथेच प्राध्यापक झाले.

दिवसभर तासामागून तास. प्रयोगांना निवांत वेळ मिळायचा तो मुख्यतः ऑगस्टच्या सुट्टीत. (आपल्याला हे वेगळं सांगायला नको.) तरी १८३१ मध्ये येल कॉलेजसाठी केलेल्या त्यांच्या विद्युतचुंबकाने २,०६३ पौंड, म्हणजे ९०० किलोहून जास्त वजन उचललं. मात्र या धावपळीची किंमतही मोजावी लागली. चुंबकाच्या साहाय्याने वीज निर्माण होते हे त्यांनाही दिसलं होतं, पण इंग्लंडमध्ये फॅरडे यांनी ते आधी प्रसिद्ध केलं. श्रेय तिकडे गेलं.

१८३२ च्या लेखात हेन्रींनी आणखी एक गोष्ट नोंदवली, आणि ती आपल्या कामाची आहे. लहान बॅटरीला फूटभर तार जोडून सोडवली तर ठिणगी उडत नाही. तीच तार ३०-४० फूट लांब असेल तर सोडवताना लख्ख ठिणगी पडते. तारेचं वेटोळं केलं तर आणखी मोठी! बॅटरी तीच, मग जोर आला कुठून? वेटोळ्यातून वाहणारी वीज चटकन थांबायला तयार नसते. वाट तोडली की वेटोळं स्वतःच मोठा दाब निर्माण करतं. यालाच स्वयंप्रवर्तन म्हणतात.

हेन्री पुढे प्रिन्स्टनला शिकवायला गेले, १८४६ मध्ये स्मिथसोनियन संस्थेचे पहिले सचिव झाले, आणि १३ मे १८७८ रोजी वारले. १८९३ मध्ये प्रवर्तनाच्या एककाला हेन्री हे नाव मिळालं.

आता आपल्या जळक्या ट्रान्झिस्टरकडे वळूया. रिलेत तेच वेटोळं असतं. ट्रान्झिस्टर बंद होताच दाब क्षणभर शंभर व्होल्टच्याही वर उसळू शकतो, आणि बीसी ५४७ ची मर्यादा आहे ४५ व्होल्ट. म्हणून रिलेच्या कॉइलच्या दोन टोकांना समांतर एक डायोड जोडायचा. त्याची पट्टीची बाजू प्लसकडे हवी. मग थांबू न पाहणारी वीज डायोडमधून फिरत फिरत विरून जाते. डायोड आधीच लावलेला असेल तर पट्टी तपासा. तो उलटा असेल तर ट्रान्झिस्टर चालू होताच शॉर्ट होतो आणि नवा ट्रान्झिस्टरही जातो. डायोडमुळे रिले सुटायला किंचित उशीर लागतो, पण मुलांच्या सर्किटला तो जाणवतसुद्धा नाही.