अंकांचे उपासक : द. रा. कापरेकर

झाशीतील मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या ज्या लोहमार्गाने मुंबईस जात आली, त्याच मार्गावर नाशिकरोडनंतर देवळाली लागते आणि कल्याण ओलांडताच डोंबिवली. ही नावे आपण सर्वांनीच खिडकीतून वाचली आहेत. परंतु ही दोन्ही स्थाने एका शाळामास्तरांच्या गणितसाधनेशी जोडलेली आहेत, हे थोड्यांनाच ठाऊक असते. मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आम्ही त्यांचे स्मरण करीत आहोत.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठव्या वर्षी मातृवियोग घडला. वडील कारकून होते. त्यांच्या ज्योतिषाच्या नादातून मुलास आकडेमोडीची गोडी लागली. फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. पुढे १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीस शिक्षकी केली.

डोंबिवली स्थानकावर सुचलेल्या कल्पनेस त्यांनी त्या स्थानकावरूनच 'डेम्लो संख्या' असे नाव दिले. नऊ वेळा १ लिहून झालेल्या संख्येस तिनेच गुणावे. उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. गुणाकार मांडताना एककांच्या नऊ ओळी एकेक घर सरकत जातात. म्हणून उभ्या रकान्यांत एक, दोन असे नऊपर्यंत एकक साठतात व पुन्हा उतरतात. हातचा कोठेच येत नाही. दहा एकक घेतले की मधल्या रकान्यात हातचा येतो आणि ती चढउतार मोडते. या सतरा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ८१ होते, आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. अशा संख्यांना कापरेकरांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणाऱ्या, असे नाव दिले. ६१७४ हा त्यांचा प्रसिद्ध स्थिरांकही अशाच साध्या वजाबाक्यांतून हाती आला.

तथापि त्यांच्याजवळ संशोधनाची उच्च पदवी नव्हती. विद्वानांनी हे काम केवळ करमणूक मानले. पुष्कळशा पुस्तिका त्यांना स्वतःच प्रसिद्ध कराव्या लागल्या. १९६६ मध्ये पत्नी निवर्तली. निवृत्तिवेतन अपुरे पडे, म्हणून शिकवण्या कराव्या लागल्या. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष त्यांच्याकडे वळले. त्या वेळी त्यांनी सत्तरी गाठली होती. १९८६ साली त्यांचे देहावसान झाले.

मान्यता उशिरा आली, पण साधना तिच्यासाठी थांबली नाही. हेच आम्हांस त्यांच्या चरित्रात मोठे वाटते. घरापासून दूर राहून अर्धशतक मराठीचा दिवा तेवत ठेवणाऱ्यांना ही निष्ठा परकी वाटू नये. पुढच्या प्रवासात डोंबिवली आली की, वाचकहो, शेजारी बसलेल्या नातवंडाच्या हाती कागद द्यावा आणि त्यास नऊ एकक लिहावयास सांगावे.